आठ फुटी बांध आणि साइड-बाय-साइड

हरिदासराव सरवदेंनी गाडी घ्यायचं ठरवलं, तेव्हा ती नक्की कसली गाडी आहे हे जुळे सोलापुरातल्या त्यांच्या कॉलनीत कुणालाच सांगता येईना, आणि त्यामुळे सगळ्यात जास्त पंचाईत झाली ती खुद्द हरिदासरावांची. मोटार म्हणावी तर तिला दारं नाहीत. जीप म्हणावी तर काचा नाहीत. ट्रॅक्टर म्हणावा तर नांगर कुठं अडकवायचा? पुढं शेजारी-शेजारी दोन सीटा, डोक्यावर लोखंडी पाइपांचा सांगाडा, मागं माल टाकायला हौदा आणि खाली जाडजूड, खाचाखाचांची चाकं. नाव काय, तर साइड-बाय-साइड. हे नाव पहिल्यांदा ऐकल्यावर शेजारच्या गुरुशांत हत्तुरेंनी विचारलं होतं, "ते कळलं साहेब, पण गाडीचं नाव काय?"

हे खूळ डोक्यात घातलं ते पुण्यात नोकरी करणाऱ्या लेकीनं, बुद्धप्रियानं. तिनं मोबाइलवर एक व्हिडिओ पाठवला. त्यात परदेशातलं एक म्हातारं जोडपं गवताचे भारे मागं टाकून, शेजारी-शेजारी बसून, ओढ्यातून, चिखलातून, टेकाडावरून हसत चाललेलं होतं. तसं हसण्यासारखं काही घडत नव्हतं. पण दोघं आपले हसत होते. हरिदासरावांनी तो व्हिडिओ जेवताना पाहिला, झोपताना पाहिला, आणि एकदा तर बुद्ध विहारात प्रवचन चालू असताना आवाज बंद करून पाहिला.

खरं कारण मीनाबाईंच्या गुडघ्यांचं होतं. त्यांच्या दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झाली आणि चांगली झाली. पण डॉक्टरांनी बजावलं होतं, सपाटीवर हवं तेवढं चाला, ढेकळांतून चालायचं नाही, स्कूटरवर मागं बसायचं नाही. सरवदेंचं शेत केम या गावी. चुलतभाऊ कोंडीबाच्या घरापर्यंत कच्ची का होईना वाट होती, तिथून पुढं विहिरीपर्यंत नुसता बांध. विहिरीजवळ एक कडुलिंबाचं झाड होतं. लग्न होऊन आल्यावर पहिल्याच वर्षी मीनाबाईंनी ते लावलं होतं, आणि सोलापूरला बिऱ्हाड केल्यावरही दर हुरड्याला त्या झाडाखाली बसल्याशिवाय त्यांच्या घशाखाली हुरडा उतरत नसे. ऑपरेशनपासून मात्र त्या कोंडीबाच्या अंगणात बाजेवर बसत आणि हुरडा त्यांच्याकडं यायचा. दरवर्षी त्या विचारायच्या, "झाड आहे ना हो अजून?" हरिदासराव म्हणायचे, "आहे की."

यंदा थंडी सुरू झाली, बाजारात गूळ-शेंगदाणे दिसायला लागले, तरी मीनाबाईंनी विचारलंच नाही. हरिदासरावांना ते फार लागलं. या हुरड्याला मीनाला विहिरीवर न्यायचंच, मग काय वाट्टेल ते होवो, असं त्यांनी मनाशी पक्कं केलं.

आणि मनाच्या एका कोपऱ्यात आणखीही एक गोष्ट होती, पण ती त्यांनी कुणाला सांगितली नाही. सगळा संसार स्कूटरवर झाला होता. मीनाबाई मागं बसून बोलायच्या, त्यातलं निम्मं वाऱ्यावर जायचं, आणि हरिदासराव समोर बघत प्रत्येक गोष्टीला "हं" म्हणायचे. या "हं"पायी घरात काय काय घोटाळे झाले होते त्याला हिशेब नव्हता. मेहुणीचं लग्न चुकलं होतं ते या "हं"मुळंच. उरलेल्या आयुष्यात बायकोच्या शेजारी बसून कुठं तरी जावं, असं त्यांना वाटायला लागलं होतं.

आता कॉलनीत एखाद्यानं गाडी घ्यायची म्हटली की सल्ला द्यायचा हक्क सगळ्यांना आपोआप मिळतो. गुरुशांत हत्तुरे बँकेतून निवृत्त झालेले, त्यामुळे दुसऱ्यानं पैसे कशात घालू नयेत हे त्यांना फार चांगलं कळायचं. ते म्हणाले, "माझं ऐका की साहेब. ट्रॅक्टर घ्या. शेजारी मडगार्डवर वहिनींना बसवा. लई लोक बसतात की." समोरच्या शांतम्मांच्या घरी पूर्वी माग होते, आता चादरींचं दुकान. त्या म्हणाल्या, "रिक्षा घ्या भाऊ. जुनी मिळते. शेतात नाही चालली तर स्टेशनवर तरी चालती." हरिदासरावांनी फोनवर कोंडीबाचं मत घेतलं. कोंडीबा म्हणाला, "गाडीचं काय काढलंयस हरी? चार माणसं लावू, बाजंवर बसवून उचलून नेऊ की वैनीला."

दुर्दैवानं फोन स्पीकरवर होता. "मला बाजेवरून न्यायची वेळ आली की न्या," मीनाबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "तोवर घाई नाही म्हणावं."

पुणे रोडवरच्या शोरूममध्ये हरिदासराव गेले ते गुरुशांतांना घेऊनच. गुरुशांतांनी स्वतःच तसं ठरवलं होतं. मीनाबाईही होत्या, कारण पायरी किती उंच आहे हे त्यांच्या पायानंच ठरायचं होतं. हरिदासरावांनी खिशात मोजायची टेप घेतली होती. इथं एक सांगायला हवं, की त्यांची सगळी नोकरी रेल्वेच्या गुड्स ऑफिसात झाली होती. वाघिणीत, म्हणजे मालडब्यात, काय मावतं आणि काय मावत नाही, कुठला माल कुठल्या पुलाखाली अडकेल, हे सांगण्यात त्यांचा हात धरणारा माणूस त्या कचेरीत नव्हता, निदान त्यांना तरी तो कधी भेटला नव्हता.

शोरूमचा सुमित नावाचा तरतरीत तरुण पुढं आला. "सर, पेट्रोल बघायची, डिझेल बघायची, का बॅटरीवाली? दोन सीटर, तीन सीटर, सहा सीटर? यात वर्क पण होतं, रिक्रिएशन पण होतं."

"रिक्रिएशन म्हणजे?"

सुमितनं जरा विचार केला. "म्हणजे सर… मजा."

हरिदासराव आठवायला लागले. फ्रिज घेतला, मिक्सर घेतला, मुलीच्या लग्नात आचारी ठरवला, पण यात मजा येईल, हे त्यांना आजवर कुठल्याही दुकानदारानं सांगितलं नव्हतं. बॅटरीवाली नको, केमला वीज कधी असेल याचा नेम नाही. डिझेलचा आवाज फार, मग शेजारी बसूनही स्कूटरचीच गत. पेट्रोल ठरली. मीनाबाई पायरीवर चढल्या, उतरल्या, पुन्हा चढल्या, आणि "आपल्या घरच्या पाटापेक्षा चार बोटंच उंच आहे," असा निकाल त्यांनी दिला. राहिला सीटांचा प्रश्न. गुरुशांत म्हणाले, "तीनवाली घ्या साहेब. कधी मी पण येईन की."

"म्हणूनच दोनवाली," हरिदासराव म्हणाले.

गुरुशांत रागावले नाहीत. ते मागच्या हौद्यात चढून बसले. ट्रायल घ्यायची तर सगळ्यांनी मिळून, असं त्यांचं म्हणणं. शोरूमच्या मागं मुरमाचा एक ढीग ट्रायलसाठीच घातलेला होता. हरिदासराव चालवायला बसले, मीनाबाई शेजारी. क्लच शोधण्यात त्यांचा थोडा वेळ गेला. क्लच नाहीच, हे सुमितनं सांगितल्यावर त्यांनी "ते माहीत आहे मला" अशा चेहऱ्यानं मान हलवली. गाडी झकास निघाली. ढिगावर चढली. माथ्यावर पोचल्यावर थांबावं म्हणून हरिदासरावांनी हँडब्रेक समजून एक दांडा जोरात ओढला. तो हौदा उलटायचा दांडा होता.

"अय्यय्यो यप्पाऽ!" एवढंच ऐकू आलं. मागं बघेपर्यंत गुरुशांत मार्केट यार्डात कांदे उतरवावेत तसे मुरमावरून घरंगळत खाली जाऊन बसले होते. लागलं कुठंच नाही. पण पँटीचा फाटलेला मागचा भाग ते नंतर महिनाभर कॉलनीत येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवत राहिले. सुमितनं मात्र प्रसंग ओळखून म्हटलं, "बघितलं ना सर, अनलोडिंग किती स्मूथ आहे?" मीनाबाईंना हसू आवरेना. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत त्या हसल्या. हरिदासरावांनी शेजारी बघितलं. त्या व्हिडिओतलं जोडपं कशाला हसत होतं ते त्यांना थोडंफार कळलं.

पुढचा टप्पा सरकारी. वाहनांची नोंद जिथं होते त्या कार्यालयात हरिदासराव फोटो घेऊन गेले. खिडकीपलीकडचे गृहस्थ अगदी सभ्य होते. त्यांनी फोटो उभा धरून पाहिला, आडवा धरून पाहिला.

"ट्रॅक्टर आहे?"

"नाही."

"कार?"

"नाही."

"मालवाहू?"

"थोडी."

"प्रवासी?"

"मी आणि मिसेस."

गृहस्थांनी शेजारच्या टेबलावरच्यांना बोलावलं, त्यांनी पलीकडच्यांना. थोड्या वेळानं खिडकीत चार डोकी जमा झाली आणि नोंदणीचा विषय मागं पडून डोंगर चढती का, अॅव्हरेज किती देती, असल्या चौकशा सुरू झाल्या. शेवटी सगळ्यांचं एकमत झालं, की हिला रस्त्यावर आणायचीच कशाला? रानात ठेवा, रानात चालवा, तिथं आम्ही काही म्हणत नाही. शेतकी खात्यात हरिदासराव अवजार म्हणून काही सवलत मिळते का ते विचारायला गेले. तिथं त्यांना विचारण्यात आलं, हे अवजार पेरतं का, कोळपतं का, फवारतं का? "विहिरीपर्यंत नेतं," असं उत्तर हरिदासरावांनी दिलं. त्यासाठी रकाना नव्हता.

म्हणजे गाडी रानातच राहणार आणि रानातच चालणार. सुमितनं सुचवलं, "सर, बुकिंगच्या आधी शेतावर डेमो देऊ. टेंपोत घालून आणतो. हे गाडीचं रुंदीचं माप, पाच फूट. तेवढी वाट आहे ना?"

आता बांधाचं सांगायला हवं. हरिदासराव आणि कोंडीबा यांच्या रानांमधला बांध त्यांच्या वडिलांच्या काळात आठ फुटांचा होता. त्यावरून बैलगाडी जायची, आणि समोरून माणूस आलं तर त्यानं थोडं कडेला व्हायचं, एवढंच. पुढं वाटण्या झाल्या. बांध खाणं याला आपल्याकडं कुणी चोरी म्हणत नाही. ते नांगरटीच्या कामातलंच एक काम. ट्रॅक्टरवाला आला की त्याला चहा द्यायचा आणि कप परत घेताना, आभाळाकडं बघत, हळूच म्हणायचं, "जरा बांधाला चिकटून घे." बास. दर वर्षी बोटभर, फार तर दोन बोटं. हरिदासराव उन्हाळ्यात नांगरटीपुरते केमला जात, आणि हा चहा स्वतःच्या हातानं देत. एवढ्या वर्षांत आपण बांधाचे फार तर दोन फूट आत घेतले असतील, असा त्यांचा अंदाज होता. कोंडीबाला याचा पत्ताही नाही, बिचारा साधा माणूस आहे, असंही त्यांना वाटायचं आणि त्याबद्दल त्यांना थोडी खंतही वाटायची, पण नांगरटीच्या दिवशी नाही.

तर हरिदासरावांनी फोन लावला. "जयभीम दादा. आपला बांध किती रुंद असेल?"

कोंडीबाच्या बायकोनं, बजाबाईंनी, नंतर सांगितलं, की कोंडीबानं फोनवर हात ठेवून त्यांना डोळ्यांनी खुणावलं होतं, "हरी मोजणी आणतोय." कारण कोंडीबाच्या घरीही ट्रॅक्टरवाल्याला चहा मिळायचा.

"किती म्हंजे? आट फूट," कोंडीबा सावधपणे म्हणाला. "बैलगाडी जाती की. तुला कमी वाटतोय व्हय?"

"छे छे! कमी कसा असेल? आठच."

"मग आटच."

दोघांनीही सुटकेचा निःश्वास सोडला. हरिदासरावांनी हिशेब केला. आठातून आपले दोन गेले, राहिले सहा. गाडी पाच फुटांची. दोन्ही अंगांना सहा-सहा इंच मोकळे. गुड्स ऑफिसात याहून कमी फटीतून त्यांनी बॉयलर पाठवले होते. त्यांनी सुमितला सांगितलं, "वाट भरपूर आहे."

टेप खिशात घेऊन जन्म काढलेल्या माणसानं बांध तेवढा तोंडी मोजला.

जानेवारीतल्या एका रविवारी मीनाबाई आणि हरिदासराव सकाळच्या गाडीनं केमला उतरले. गुरुशांतांना बोलावलं होतं, पण "हुरडा पाठवून द्या," असं म्हणून त्यांनी नम्रपणे नकार दिला. सुमितचा टेंपो डांबरी रस्त्यावर थांबला. तिथून गाडी कोंडीबाच्या अंगणापर्यंत स्वतःच्या चाकांनी आली. सुमितनं नारळ आणला होता, लिंबू-मिरची आणली होती. बजाबाईंनी सगळं हातातून काढून घेतलं. "नारळ ऱ्हाऊ दे चटणीला, मिरची बी," असं म्हणून त्या आत गेल्या. कोंडीबा गाडीभोवती दोनदा फिरला, चाकावर बोट मारून बघितलं आणि म्हणाला, "हिला बैल कुटं जुपायचं?"

मीनाबाई जांभळ्या काठाची साडी नेसून आल्या होत्या. पायरीवर पाय देऊन त्या वर चढल्या, पदर सारखा केला. हरिदासराव इस्त्रीची पँट आणि नवे बूट घालून चालवायला बसले. मागं हौद्यात सुमित. कोंडीबा बांधावरून पुढं चालत निघाला, वरातीच्या पुढं चालावं तसा. दोन्हीकडं ज्वारी छातीएवढी उभी होती आणि कणसं दुधात भरली होती. सुरुवातीला बांध खरोखरच रुंद होता, कारण अंगणाजवळ बजाबाई बघत असल्यानं तिथं चिकटून घ्यायला ट्रॅक्टरवाला धजत नसे. गाडी डुलत-डुलत चालली. हरिदासरावांना वाटलं, आता आपण हसायला हरकत नाही.

ते हसले, आणि गाडी एका अंगाला कलली.

"सर, थांबा!" सुमित ओरडला. बांधाची कड ढासळून डावं चाक कोंडीबाच्या ज्वारीत उतरलं होतं. उजवंही उतरायच्या बेतात होतं. सुमितनं उडी मारली आणि टेप लावली. "सर, ही वाट चार फूट आहे."

"चार?" हरिदासराव खाली उतरले.

"चार?" कोंडीबा मागं वळला.

दोघांनी टेपकडं पाहिलं. मग दोघांनी एकमेकांकडं पाहिलं, आणि एवढी वर्षं ज्याला साधा समजत होतो तो असा निघावा, याचं खरंखुरं दुःख दोघांच्याही चेहऱ्यावर दिसलं.

"दादा, ही अपेक्षा नव्हती तुझ्याकडून."

"माझ्याकडनं? तू लेका रेल्वेतला मानूस! शिकल्याला!"

"चार फूट कुठं गेले मग? मी फार तर दोन…"

"मी बी दोनच की!"

दोघं एकदमच बोलले आणि एकदमच थांबले. दोन आणि दोन किती होतात हे सुमितलासुद्धा कळलं, पण तो विक्रीच्या धंद्यातला असल्यानं टेप गुंडाळत राहिला. मग अर्थातच दोघांचा आवाज चढला. कोंडीबा म्हणाला, आण मोजणी. हरिदासराव म्हणाले, आणतोच. कोंडीबानं ज्वारी मोडली म्हणून नुकसानभरपाईचं काढलं. हरिदासरावांनी आजोबांचं काढलं. नव्या बुटात माती गेलेली, पँटीला कुसळं लागलेली, आणि अशा अवस्थेत कायद्याच्या गोष्टी बोलायच्या म्हणजे किती अवघड असतं हे ज्याच्यावर वेळ आली त्यालाच ठाऊक.

मग हरिदासरावांचं लक्ष मीनाबाईंकडं गेलं. ज्वारीच्या वर, कललेल्या गाडीत, लोखंडी पाइप धरून त्या बसल्या होत्या आणि लांब कुठं तरी बघत होत्या. त्या उंचीवरून कणसांच्या पलीकडचं दिसत होतं.

"अहो," त्या म्हणाल्या, "ते हिरवं दिसतंय विहिरीजवळ, ते माझंच का?"

"तुझंच की."

"केवढं झालंय!"

हरिदासराव गाडीजवळ गेले. "तुला सांगत होतो की दर वर्षी. आहे म्हणून."

"तुम्ही 'आहे की' म्हणायचात," मीनाबाई म्हणाल्या. "मला वाटलं, सगळ्याला 'हं' म्हणता त्यातलंच. कधीच तोडलं असेल, मला वाईट वाटू नये म्हणून म्हणत असाल. म्हणून यंदा विचारलं नाही."

कोंडीबाकडं आजोबांबद्दल आणखी दोन गोष्टी काढायच्या राहिल्या होत्या, त्या हरिदासराव विसरून गेले. एवढा लांब येऊन, झाड नजरेच्या टप्प्यात असताना, ही गाडी मागं न्यायची?

तेवढ्यात बजाबाई बांधावरून आल्या. त्यांच्या हातात दोन विळे होते. त्यांनी सगळा प्रकार एका नजरेत पाहिला. त्यांना त्यात नवीन काही दिसलं नसावं. दर उन्हाळ्यात चहा त्याच करत होत्या. त्यांनी एक विळा नवऱ्याच्या हातात दिला आणि एक हरिदासरावांच्या.

"हुरड्याला कनसं काडायचीच हायती न्हवं? मग हितलीच काडा. तुमी आपल्या अंगानं, भावजी त्यांच्या अंगानं. दोन-दोन फूट. पार हिरीपातूर."

"अगं पर उबी ज्वारी…" कोंडीबा म्हणाला.

"बांधावर कुनी ज्वारी पेरतं व्हय?" बजाबाई म्हणाल्या, आणि गाडीवर चढायला लागल्या. मीनाबाईंनी त्यांना हात दिला आणि स्वतः सरकून चालवायच्या जागी बसल्या.

"मॅडम, तुम्ही?" सुमित घाबरला.

"क्लच नाही ना याला? बघितलंय मी त्या दिवशी," मीनाबाई म्हणाल्या. "शिलाई मशीन चालवलंय जन्मभर. पाय किती दाबायचा ते कळतं मला."

आणि मग केमच्या शिवारात त्या दिवशी एक वेगळंच दृश्य दिसलं. निवृत्त हेडक्लार्क हरिदासराव सरवदे, इस्त्रीच्या पँटीत, वाकून ज्वारी कापत एका अंगानं. कोंडीबा सरवदे दुसऱ्या अंगानं. मधून, वीतभर उंचीचा बांध पोटाखाली घेऊन, एक चाक या रानात आणि एक त्या रानात अशी गाडी हळूहळू चाललेली, आणि तिच्यात दोन जावा शेजारी-शेजारी बसलेल्या. सुमित कापलेली ज्वारीची ताटं गोळा करून हौद्यात टाकत होता. शोरूममध्ये शिकवलेल्या डेमोत हे नव्हतं. सुरुवातीला दोघंही भाऊ दुसऱ्यापेक्षा आपलं जास्त जाऊ नये म्हणून आखडत कापत होते. पण वरून सगळं दिसत होतं.

"अहो, तुमच्या अंगाला वीतभर राहिलं बघा," मीनाबाई म्हणायच्या, आणि हॉर्न वाजवायच्या.

"आन् तुमी वं? त्ये ताट काय नवसाचं हाय व्हय?" बजाबाई म्हणायच्या.

थोड्या वेळानं कोंडीबाच्या लक्षात आलं, की हरी मागं पडलाय. मग तो मुद्दाम जोरात कापायला लागला. मग हरिदासरावांना राग आला. विहीर येईपर्यंत दोघांच्यात कोण जास्त सोडतो याचीच चढाओढ लागली, आणि लिंबाजवळचा बांध तर बहुधा वडिलांच्या काळातही नव्हता एवढा रुंद झाला.

मीनाबाई उतरल्या. त्यांनी झाडाच्या बुंध्याला दोन्ही हात लावले आणि बराच वेळ तशाच उभ्या राहिल्या. त्यांच्या मिठीत तो मावत नव्हता. डोळे पुसत त्या बजाबाईंना म्हणाल्या, "आक्का, आगटी कुठं करायची? धूर झाडाला लागायला नको." मग गोवऱ्या पेटल्या, कणसं भाजली गेली, सुपात चोळली गेली. शेंगदाण्याची चटणी, गूळ, दही, आणि सुमितचा नारळही त्यात होताच. कोंडीबानं गरम हुरड्याची पहिली मूठ हरिदासरावांच्या हातावर ठेवली. हरिदासरावांनी ती मुकाट्यानं खाल्ली. हातांना फोड आले होते, पण एवढा गोड हुरडा त्यांना आठवत नव्हता.

परत येताना दोघी पुढं आणि दोघे मागं हौद्यात, ज्वारीच्या ताटांवर, पाय लोंबकळत सोडून, आणि सुमित मागून चालत. अंगणात पोचता-पोचता बजाबाईंनी विचारलं, "मीना, हे गं कशाचं?" आणि तो दांडा ओढून बघितला. हरिदासरावांना पुढं काय होणार ते माहीत होतं, पण "अहो वहिनी" म्हणायला तोंड उघडेपर्यंत ते आणि कोंडीबा ताटांसकट अंगणात येऊन पडले होते.

"अनलोडिंग लई ब्येस हाय," पडल्या-पडल्या कोंडीबा म्हणाला.

टेंपो डांबरी रस्त्यावर होता. तिथपर्यंत गाडी न्यायची होती. बजाबाई उतरल्या. मीनाबाईंनी रिकाम्या सीटवर हात थोपटला. "या. दांड्याला हात लावू नका म्हणजे झालं."

हरिदासराव कुसळं झटकत चढले आणि बायकोच्या शेजारी बसले. चालवत त्या होत्या, हे त्यांनी योजलं होतं त्याच्या बरोबर उलट होतं, पण शेजारी होत्या. ऊन तिरकं झालं होतं. जांभळ्या काठावर ज्वारीचा कोंडा पडला होता. मागं हौद्यात उभ्या सुमितनं विचारलं, "सर, मग कुठलं मॉडेल पक्कं करू? दोनची का तीनची?"

"दोनचीच," मीनाबाई म्हणाल्या. "मी आणि आक्का. या दोघांना हौदा आहे की." मग समोर बघत, स्टिअरिंग धरून, त्या बोलत राहिल्या. "आणि उन्हाळ्यात नांगरटीला मी येणार. गाडी बांधावर उभी करून बसणार. ट्रॅक्टरवाल्याला चहा मी देणार, आणि कप पण मीच परत घेणार."

"हं," हरिदासराव सवयीनं म्हणाले.

मीनाबाईंनी गाडी थांबवली आणि मान वळवून त्यांच्याकडं पाहिलं. मध्ये वारा नव्हता, हेल्मेट नव्हतं, पाठ नव्हती. फक्त वीतभर अंतर होतं.

"ऐकलंत का?"

"ऐकलं," हरिदासराव म्हणाले. "सगळं ऐकलं."